महाराजांचे चांदीचे घडे आणि चार हजार लिटरचा प्रश्न

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये दिवाण-ए-खासात दोन अवाढव्य चांदीचे घडे ठेवलेले आहेत. माणसाच्या खांद्याला लागतील एवढे उंच. गाइड सगळ्यांना एकच गोष्ट सांगतो. महाराजा सवाई माधोसिंह दुसरे १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले, तेव्हा परदेशाचं पाणी प्यायला लागू नये म्हणून त्यांनी हे घडे मुद्दाम बनवून घेतले आणि त्यातून गंगाजल नेलं. एकेका घड्यात चार हजार लिटर पाणी मावतं, वजन ३४५ किलो, उंची १.६ मीटर, आणि प्रत्येक घडा १४,००० चांदीची नाणी वितळवून घडवलेला.

गोष्ट छान आहे. पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी छान गोष्टीपाशी जरा जास्त वेळ थांबायला हवं. आज आपण हीच गोष्ट सराव म्हणून घेऊ. प्रश्न साधा आहे: जहाजावर स्वतःचं पाणी घेऊन जाणं म्हणजे नेमकं काय? कोण नेऊ शकायचं, कशासाठी, आणि हे आपल्याला कळतं कशावरून?

आधी निर्विवाद भाग. माधोसिंह १८८० मध्ये जयपूरच्या गादीवर आले आणि १९२२ पर्यंत राज्य केलं. समुद्र ओलांडणं कलिवर्ज्य मानलं जायचं आणि महाराज कर्मठ होते. दुसरीकडे सम्राटाचं निमंत्रण नाकारण्याची सोय संस्थानिकाला नव्हती. यातून निघालेला मार्ग म्हणजे 'ऑलिम्पिया' नावाचं अख्खं जहाज भाड्याने घेणं. त्यावर देवघर होतं, वेगळी स्वयंपाकघरं होती, गोपाळजींची मूर्ती बरोबर होती. मे १९०२ मध्ये मुंबई बंदरातून निघण्याआधी समुद्राची पूजा झाली. महाराजांबरोबरचा लवाजमा सव्वाशेच्या आसपास होता असं सांगितलं जातं.

आता आकड्यांकडे वळू.

पहिली तपासणी: कालक्रम

राजवाड्याशी निगडित माहितीत हे घडे १८९४ ते १८९६ च्या सुमारास दरबाराच्या कारखान्यात तयार झाले असं येतं. व्हिक्टोरिया राणी वारली २२ जानेवारी १९०१ रोजी. त्यानंतर एडवर्ड राजा झाला आणि मग राज्याभिषेकाचं ठरलं. म्हणजे ही तारीख बरोबर असेल तर घडे 'लंडनच्या प्रवासासाठी' बनवलेले असूच शकत नाहीत. काही जुन्या विक्रम-संग्रहांत ते १९०२ मध्ये बनवले असं छापलंय. म्हणजे गोष्टीला सोयीचं वर्ष. दोन्ही एकदम खरं असणार नाही.

या एका तपासणीने आपला प्रश्नच बदलतो. घडे आधीपासून होते असं धरलं, तर दरबारात एवढं गंगाजल एरवीही कशाला लागत होतं? इथे मागे जावं लागतं. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझल सांगतो की अकबर घरी असो वा प्रवासात, गंगेचंच पाणी प्यायचा. दरबार आग्रा-फत्तेपूरला असताना ते सोरोंहून आणि पंजाबात असताना हरिद्वारहून मोहोरबंद भांड्यांतून यायचं. त्यासाठी वेगळं खातं होतं. आपल्याकडच्या अठरा कारखान्यांच्या यादीतला आबदारखाना आठवा, त्याच जातीचं. म्हणजे प्रवासात स्वतःचं पाणी बाळगणं ही समुद्रामुळे सुचलेली युक्ती नव्हती. राजेशाही इतमामाचा तो जुना भाग होता. १९०२ मध्ये तो फक्त जहाजावर चढला.

दुसरी तपासणी: शाळेतली भूमिती

घड्यांचा घेर साधारण साडेचार मीटर सांगितला जातो. उंची १.६ मीटर. समजा घडा गोलसर नसून पिंपासारखा सरळसोट आहे, म्हणजे जास्तीत जास्त पाणी मावेल असा. घेराच्या वर्गाला चार पाय ने भागलं की तळाचं क्षेत्रफळ येतं सुमारे १.६ चौरस मीटर. त्याला उंचीने गुणलं की घनफळ सुमारे २.६ घनमीटर, म्हणजे २,६०० लिटर. आणि हे घडे पिंपासारखे नाहीत. त्यांना मान आहे, बैठक आहे, झाकण आहे. म्हणजे प्रत्यक्षात पाणी अजून कमी मावणार. चार हजार लिटर बसतच नाही.

विक्रम-संग्रहातले आकडे तर आणखी मजेशीर. तिथे वजन २४२.७ किलो आणि घेर २.४८ मीटर दिलाय. या घेराचं सरळसोट पिंपसुद्धा आठशे लिटरच्या आतच भरतं.

मग चार हजार आलं कुठून? मूळ आकडा बहुधा ९०० गॅलन हा आहे, म्हणजे ४,०९१ लिटर. हा आकडा एका घड्याचा नसून जोडीचा असेल तर? प्रत्येकी ४५० गॅलन, म्हणजे दोन हजार लिटरच्या थोडं वर. साडेचार मीटर घेराच्या घड्यात एवढं पाणी बसू शकतं. आणि विक्रम-संग्रहात क्षमता १,८०० गॅलन दिलीय. म्हणजे जोडीचा आकडा कुणीतरी एकाचा समजलं आणि पुढच्याने त्याची पुन्हा दुप्पट केली, असा क्रम असू शकतो. हा निष्कर्ष नाही, गृहीतक आहे. फरक लक्षात ठेवा. गृहीतक तपासायला टेप घेऊन घड्यापाशी जावं लागेल, किंवा कारखान्याचा जमाखर्च शोधावा लागेल.

नाण्यांचंही तसंच. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जयपूरचा झाडशाही रुपया साधारण त्याच वजनाचा. १४,००० नाणी म्हणजे जेमतेम १६३ किलो चांदी. ३४५ किलोच्या एका घड्याला साडेएकोणतीस हजारांवर नाणी लागतील. म्हणजे नाण्यांची संख्या, वजन, किंवा 'फक्त नाण्यांपासून' हे वर्णन, यातलं काहीतरी एक चुकीचं आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? चार हजार काय नि दोन हजार काय, घडा मोठाच. बिघडतं, कारण पुढचा सगळा अर्थ या आकड्यावर उभा आहे.

तिसरी तपासणी: हे पाणी पीत कोण होतं?

राज्याभिषेक २६ जून १९०२ ला ठरला होता. राजाला अपेंडिक्सचा आजार झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि समारंभ ९ ऑगस्टवर गेला. म्हणजे मुंबई सोडल्यापासून समारंभापर्यंतच जवळपास नव्वद दिवस. परतीचा प्रवास वेगळाच. सव्वाशे माणसं गुणिले नव्वद दिवस म्हणजे सव्वाअकरा हजार माणूस-दिवस. दोन्ही घडे मिळून आठ हजार लिटर धरलं तरी दर माणशी रोज पाऊण लिटरही येत नाही. चार हजार धरलं तर पेलाभर. आणि हे फक्त पिण्याचं. स्वयंपाक, आंघोळ, पूजा, भांडी यांचा हिशोब अजून धरलेलाच नाही.

म्हणजे 'महाराज आणि त्यांचा लवाजमा गंगाजल पीत लंडनला गेले' हे वाक्य हिशोबात टिकत नाही. हे पाणी एकट्या महाराजांचं आणि देवाचं असेल तर मात्र भरपूर पुरतं. रोज दहा लिटर धरलं तर नव्वद दिवसांना नऊशे लिटर. तिसरी शक्यता 'ऐन'मध्येच आहे. अकबराच्या मुदपाकखान्यात पावसाचं किंवा यमुना-चिनाबचं पाणी वापरत आणि त्यात थोडं गंगाजल मिसळत. आपल्या घरांतही गंगाजलाचं गडू देव्हाऱ्यात असतं आणि लागतं ते थेंबभर. पावित्र्याचा हिशोब लिटरवर चालत नाही. त्यामुळे जहाजावर 'सगळं पाणी' बरोबर नेलं की 'पाणी शुद्ध करण्यापुरतं' नेलं, हा खरा संशोधनाचा प्रश्न. उत्तर यातलं पहिलं असेल तर ती रसदीची गोष्ट आहे आणि दुसरं असेल तर विधीची.

एक इशारा. हँकिन या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलराचे जंतू मरतात असं लिहिलं होतं. ते वाचून 'म्हणून महाराजांनी गंगाजल नेलं' असं लिहायचा मोह होतो. आवरा. एखादी गोष्ट त्याच काळात प्रसिद्ध झाली म्हणजे ती त्या माणसाचं कारण होती असं होत नाही. दुवा दाखवता आला पाहिजे.

ज्यांना जहाज भाड्याने घेता येत नव्हतं

आता घड्यांवरून नजर हटवू. १७८१ मध्ये रघुनाथरावांचा वकील हणमंतराव हा ब्राह्मण, मणियार पारशासोबत लंडनला पोचला. एडमंड बर्कने त्यांची विचारपूस केली आणि बीकन्सफील्डच्या आपल्या घराजवळ हणमंतरावांना स्वतःचं अन्न शिजवायला वेगळी जागा दिली. दरबारी कामासाठी गेलेला वकील, पण जहाज त्याच्या मालकीचं नाही. त्याला प्रत्येक ठिकाणी कुणाकडून तरी जागा मागावी लागली.

१८८८ मध्ये मुंबईहून निघालेल्या गांधींनी आत्मचरित्रात लिहिलंय की बरोबर नेलेली मिठाई आणि फळं यांवर त्यांनी बोटीवरचे दिवस काढले. पण पाणी? घरून फराळ नेता येतो. विद्यार्थ्याला तीन आठवड्यांचं पाणी नेता येत नाही. ते जहाजाच्या टाकीतूनच येणार, कुणा खलाशाने भरलेलं. प्रवासवर्णनांत खाण्याबद्दल भरभरून असतं आणि पाण्याबद्दल बहुतेकदा मौन. माझ्या मते हे मौनच वाचायला शिकलं पाहिजे. जिथे नियम पाळणं शक्यच नव्हतं, तिथे लोक त्याबद्दल लिहायचंच टाळत असावेत.

आणि मग गिरमिटिये. १८३८ पासून १९१७ पर्यंत दोन लाखांहून जास्त माणसं एकट्या ब्रिटिश गयानाला गेली. सगळ्यांना एकाच टाकीतलं, मापाने मिळणारं पाणी. १८८३ मध्ये ग्रियर्सनने बिहारमधल्या स्थलांतरावर अहवाल लिहिला. त्यात लोकांचं एक म्हणणं नोंदवलंय. जहाज म्हणजे जगन्नाथाचं देऊळ, तिथे जातीचे निर्बंध लागू होत नाहीत. पुरीला महाप्रसाद सगळे एकत्र खातात, त्याचा आधार घेऊन लोकांनी आपली वाट काढली. महाराजांनी जहाजाचं देऊळ केलं ते पैशाने. या माणसांनी ते केलं एका वाक्याने.

अजून एक गंमत बघा. १८७० पासून कलकत्त्याला नळाचं पाणी पलत्याहून यायला लागलं, हुगळीतून उपसून आणि गाळून. हुगळी म्हणजे गंगेचाच फाटा. कलकत्त्याहून सुटणाऱ्या जहाजांनी त्या पाण्याने टाक्या भरल्या असतील, तर गिरमिटिये आणि महाराज एकाच नदीचं पाणी पीत समुद्रावर होते. एकाला आपण गंगाजल म्हणतो, दुसऱ्याला रेशन. फरक नदीचा नाही, भांड्याचा आणि हाताचा आहे. कुणाच्या हातचं पाणी चालतं यावर केवढं रणकंदन होऊ शकतं हे १९२७ चं चवदार तळं माहीत असलेल्या मराठी वाचकाला सांगायची गरज नाही.

यातून तुमच्या प्रबंधासाठी

पहिलं, आकडा दिसला की त्याला गुणा-भागा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटर वर्ज्य नाही. वजन, घनफळ, माणसं, दिवस हे एकमेकांशी जुळले पाहिजेत. घड्याची आणखी एक गोष्ट सांगतात, की वादळात समुद्र शांत करायला तिसरा घडा पाण्यात ढकलला. चार हजार लिटर म्हणजे चार टन. डोलणाऱ्या डेकवर चार टन कुणी आणि कसे ढकलले, हे विचारा. उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर 'असं सांगितलं जातं' एवढंच लिहा.

दुसरं, कागद कुठे असतील याचा अंदाज बांधा. जयपूर दरबाराचे कारखान्यांचे जमाखर्च बघायचे तर बिकानेरचं राजस्थान राज्य अभिलेखागार. निमंत्रण आणि बंदोबस्ताचा पत्रव्यवहार बघायचा तर लंडनमधले इंडिया ऑफिसचे कागद. मुंबईहून निघतानाचं वर्णन हवं तर तेव्हाची इंग्रजी-मराठी-गुजराती वर्तमानपत्रं. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला तरच तो पक्का. तोच आकडा दहा पुस्तकांत असेल पण सगळ्यांनी एकाच पाटीवरून उतरवला असेल, तर ती दहा साधनं नाहीत, एकच आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: काय टिकलं आणि काय नाही हे विचारा. चांदीचे घडे टिकले, त्यांच्यावर पाटी लागली, विक्रम झाला. गिरमिटियाने कमरेला बांधून नेलेला पितळी लोटा डेमेरारात कुठल्यातरी बराकीत झिजून गेला. समुद्रावर 'स्वतःचं पाणी' या विषयावर लिहिताना फक्त संग्रहालयातल्या वस्तूपासून सुरुवात केलीत, तर इतिहास एका महाराजाचा होईल. टाकीजवळ रांगेत उभ्या असलेल्या माणसापासून केलीत, तर घड्यांचाही अर्थ नीट लागेल.

कुणाला पुढच्या सुट्टीत जयपूरला जायचं असेल तर शिंप्याकडची टेप बरोबर न्या. घड्याला हात लावू देणार नाहीत, पण चौथऱ्याची लांबी-रुंदी नक्की मोजता येईल, आणि तेवढ्यावरूनही घेराची कमाल मर्यादा निघते.