उभे राहा, टाळ्या वाजवा, खाली बसा

तुम्ही अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत गेला असाल, तर हे दृश्य तुम्हाला आठवेल. सकाळचा गणिताचा तास. गालिच्यावर सगळी मुलं, मध्ये एक डबा. डब्यात छोटे ठोकळे, दहा-दहाच्या कांड्या, शंभराच्या चौकोनी पाट्या. २४३ हा आकडा लिहायच्या आधी तो मांडायचा. वीस-पंचवीस मिनिटं झाली की बाई पडद्यावर व्हिडिओ लावतात, सगळे उठतात, उड्या मारतात, हात हलवतात आणि परत बसतात. याला ब्रेन ब्रेक म्हणतात.

घरी आल्यावर आजीचा फोन येतो. "पाढे कुठवर आले?" तुम्ही सांगता, आम्ही आज ठोकळे लावले. पलीकडे दोन सेकंद शांतता.

या शांततेत एक जुना वाद आहे. "तिथे नुसते खेळतात, आम्ही तीसपर्यंत पाढे म्हणायचो" ही एक बाजू. "तिकडे घोकंपट्टी, इथे समजून शिकवतात" ही दुसरी. पॉडकास्टच्या या भागाची तयारी करताना आम्हाला वाटलं होतं, इतिहास वाचला की कोण बरोबर ते कळेल. झालं वेगळंच. ठोकळे, मणी, वाळू, उड्या यांचा माग काढत गेलो तर "इथलं" आणि "तिथलं" ही वाटणीच टिकेना. त्याऐवजी एक वेगळा प्रश्न समोर आला: वर्गात मूल हलतं, ते कोणाच्या सांगण्यावरून?

धुळीतले आकडे

इंग्रजी अमलाच्या आधीच्या मराठी शाळेला आपण पंतोजींची शाळा म्हणतो. देवळात, ओसरीवर, कुणाच्या वाड्यात ती भरायची. कागद महाग होता. म्हणून लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि तीवर बोटाने किंवा काडीने अक्षरं नि आकडे काढायचे. ही धूळपाटी. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. लिहिणं, पुसणं, पुन्हा लिहिणं, सगळं बोटांच्या टोकांशी.

संध्याकाळी परवचा. मुलं सुरात, डोलत पाढे म्हणायची. पाढेही फक्त पूर्ण संख्यांचे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव पटीपासून साडेतीन पटीपर्यंत. सात दिडके साडेदहा, नऊ सवाये सव्वाअकरा. धान्य मापून विकणाऱ्याला, व्याज मोजणाऱ्याला हे रोज लागायचं. म्हणजे हे पाठांतर बाजाराच्या हिशेबाशी घट्ट बांधलेलं होतं.

पण त्याचं गोड चित्रही काढू नये. शिक्षा कडक असायच्या. मुली जवळजवळ नव्हत्याच. ज्यांना जातीने खाली ढकललं होतं त्यांना ओसरीची पायरीही चढता येत नव्हती. हातांनी शिकणं होतं, पण ते कोणाच्या हातांनी, हे ठरलेलं होतं.

वाळू लंडनला जाते

आता थोडं दक्षिणेला. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या मुलांच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झाला. जवळच्या एका देशी शाळेत त्याने मुलांना वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिलं. आपल्या शाळेतही असं करावं असं त्याला वाटलं, पण त्याच्या शिक्षकांना ते जमण्यासारखं वाटेना. मग त्याने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नावाच्या मुलाकडे लहानांचा वर्ग सोपवला, आणि ते जमलं. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं, ही रीत आपल्याकडच्या शाळांत होतीच. बेलने तिची व्यवस्था बांधली आणि परतल्यावर, १७९७ मध्ये, लंडनला त्यावर पुस्तक छापलं.

त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवत होता. एक शिक्षक, शेकडो मुलं, मधे मॉनिटर. नवशिक्यांसाठी वाळूची टेबलं. कल्पना मुळात कोणाची, यावरून बेल आणि लँकेस्टर यांच्या पाठीराख्यांत पुढे बरंच भांडण झालं. मद्रासजवळच्या त्या शाळेचं श्रेय मात्र त्या भांडणात फारसं कोणी मागितलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लँकेस्टरच्या शाळेत मुलं सतत बसून नव्हती. ती बाकांवरून उठत, रांगेने चालत, भिंतीजवळ अर्धवर्तुळात उभी राहून वाचत, खूण होताच सगळ्यांच्या पाट्या एकदम वर. हालचाल भरपूर, पण प्रत्येक हालचाल हुकमाची. त्या काळात गिरण्या आणि कारखाने वाढत होते, आणि अशी शिस्त अनेकांना फार आवडली. ती जगभर पसरली. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात नव्या धर्तीच्या मराठी शाळा निघाल्या, तेव्हा ही मॉनिटरची पद्धत तिथेही पोचली. इथून गेलेली वस्तू साहेबाचा शिक्का घेऊन परत आली!

काठीवरची टोपी

१८२० मध्येच लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात सॅम्युएल विल्डरस्पिनने अगदी लहान मुलांची शाळा हाती घेतली. पहिल्या दिवसाची गोष्ट त्याने स्वतः सांगून ठेवली आहे. आया निघून गेल्या आणि सगळ्या मुलांनी एकदम भोकाड पसरलं. काही केल्या थांबेनात. शेवटी त्याने बायकोची टोपी एका काठीच्या टोकावर अडकवली आणि आत नेली. मुलं गप्प! सगळ्यांचे डोळे टोपीवर. लहान मुलाला आधी डोळ्यांनी, कानांनी, हातांनी काहीतरी द्यावं लागतं, हा धडा तो त्यातून शिकला.

त्याच्या शाळेत खेळायचं अंगण होतं, झोके होते, मोजायला तारांवर ओवलेल्या मण्यांची चौकट होती. पाढे म्हणताना टाळ्या, चालणं, गाणं. आजच्या ब्रेन ब्रेकचा हा पणजोबाच म्हणा. फ्रान्समधल्या शाळांतल्या मणीचौकटीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. नेपोलियनच्या सैन्यातला गणिती पाँसले रशियात कैद झाला होता. तिथल्या दुकानदारांची मणीचौकट त्याने पाहिली आणि १८१४ मध्ये सुटून आल्यावर ती मेत्झ गावी आणली.

विल्डरस्पिनच्या शाळेत मुलांना आनंद मिळत होता, यात शंका नाही. तरी टाळी कधी वाजवायची हे गुरुजीच ठरवत.

चालत जाऊन आणलेली संख्या

हे चित्र पालटलं ते रोममध्ये. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरींनी पहिलं बालगृह उघडलं. बाकांना खिळलेली मुलं पाहून त्यांना टाचणीने टोचलेली फुलपाखरं आठवायची. त्यांनी जड बाकं काढून टाकली आणि मुलाला उचलता येतील अशा हलक्या टेबल-खुर्च्या आणल्या.

त्यांच्या सोनेरी मण्यांच्या साहित्यात एक सुटा मणी म्हणजे एकक, दहा मण्यांची कांडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. तुमच्या शाळेतल्या ठोकळ्यांची रचना हीच. पण वापरायची रीत पाहा. मुलाला २४३ हवे असतील तर ते तबक घेऊन उठतं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातं, दोन चौरस, चार कांड्या, तीन मणी उचलतं आणि सांडू न देता परत येतं. हजार मण्यांची साखळी तर इतकी लांब की खोली पुरत नाही. ती जमिनीवर पसरायची आणि तिच्या कडेने चालत शंभर, दोनशे, तीनशे अशा चिठ्ठ्या ठेवत जायचं. हजाराचा आकडा पायांना कळतो.

इथे गणित थांबवून हालचाल करावी लागत नाही, चालणं हाच गणिताचा भाग आहे. आणि कधी उठायचं, कोणतं साहित्य घ्यायचं, हे बरंचसं मूल ठरवतं.

नोव्हेंबर १९३९ मध्ये माँटेसरी मद्रासला अड्यारला आल्या, थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून, शिक्षकांचा वर्ग घ्यायला. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि त्या शत्रुदेशाच्या नागरिक ठरल्या. मुलगा मारिओ याला अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, त्यांना अड्यारच्या आवारात. ३१ ऑगस्ट १९४० ला त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी मारिओची सुटका झाली. तरी युद्ध संपेपर्यंत त्या भारतातच राहिल्या, १९४६ पर्यंत.

शाळाच उठून चालायला लागली

त्यांच्या कल्पना मात्र त्यांच्या आधीच इथे पोचल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिर चालवत होते. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांनी हे शिक्षण मराठीत आणलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पण ताराबाईंना एक गोष्ट टोचत होती. ही बालमंदिरं शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांची होती. सान लोरेन्झोमध्ये गरिबांसाठी सुरू झालेली पद्धत भारतात येईपर्यंत श्रीमंतांची झाली होती, कारण साहित्याचा संचच महाग!

१९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ भेटल्या. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. दोघींनी साहित्याची यादी बाजूला ठेवली आणि आजूबाजूला पाहिलं. शिंपले, खडे, बिया, पानं, माती. मोजायला, रचायला, लहान-मोठं लावायला सगळं होतं, फुकट.

पुढे त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. तिथे वेगळीच अडचण. साहित्य आहे, बाई आहेत, मुलंच नाहीत. मुलं आळशी नव्हती. ती कामावर होती. कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, कोणी गुरांमागे रानात. मग मुलांना शाळेत ओढण्याऐवजी शाळाच त्यांच्याकडे गेली. पाड्याच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात भरली ती कुरणशाळा.

दिवसभर गुरांमागे डोंगर चढणाऱ्या मुलाला उड्यांची सुट्टी द्यायची गरज नसते. त्याला गरज असते ती, त्याचं चालणं हा शिकण्यातला अडथळा आहे असं न मानणाऱ्या शाळेची. या सगळ्या इतिहासात ही गोष्ट आम्हाला सगळ्यात मोठी वाटते. बेलने वाळू उचलून नेली, माँटेसरींनी बाकं हलवली, ताराबाई-अनुताईंनी शाळा हलवली. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज ते देशभर ऐकू येतं.

परत गालिच्यावर

मग ब्रेन ब्रेकचं काय? अमेरिकेत २००२ मध्ये नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायदा लागू झाल्यावर परीक्षांचं वजन वाढलं आणि अनेक ठिकाणी मधल्या सुट्टीची मिनिटं वाचनाच्या नि गणिताच्या तासांकडे गेली. फ्लोरिडात तर आयांनी एकत्र येऊन आमदारांकडे खेपा घातल्या, तेव्हा कुठे २०१७ मध्ये प्राथमिक शाळांसाठी आठवड्याला १०० मिनिटं मोकळ्या खेळाचा कायदा झाला. अंगण काढून घ्यायचं आणि बदल्यात पडद्यासमोर तीन मिनिटं नाचायला लावायचं, हा सौदा मला विल्डरस्पिनपेक्षाही मागचा वाटतो. ठोकळ्यांचंही तसंच. बाई सांगतील तसेच, सांगतील तेवढेच ठोकळे लावायचे असतील, तर ते आणि न समजता म्हटलेला पाढा यांत फार अंतर नाही.

आणि आजीचे पाढे? ते टाकून द्यायचं काही कारण नाही. मी रविवारच्या मराठी शाळेत मदत करते. तिथे एका सात वर्षांच्या मुलीने मोजताना पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस आणि पुढे "नवावीस" म्हटलं. तर्क अगदी बरोबर! मी जमिनीवर टेपची पट्टी लावली, आकडे लिहिले, तिला तीसवर उभं केलं आणि एक पाऊल मागे यायला सांगितलं. एकोण म्हणजे एक उणे. तीसला एक कमी, एकोणतीस. ती चाळीसवर गेली, मागे आली. पन्नासवर गेली, मागे आली. शब्दातच पाऊल आहे, हे मला मराठी बोलत मोठं होऊनही कधी जाणवलं नव्हतं.

शंभरवर पोचल्यावर ती मागे सरकली आणि ओरडली, "एकोणशंभर!" मी म्हटलं, नाही गं, नव्व्याण्णव. "का?" मला सांगता आलं नाही. तास संपला म्हणून मी टेप काढायला वाकले, तर ती म्हणाली, ठेव ना मावशी, पुढच्या वेळी कॉरिडॉरमध्ये नेऊया, दोनशेपर्यंत.