गेम बनवून पैसे निघतात का? साकोलीच्या काकांच्या प्रश्नावरून

साकोलीकडच्या एका काकांचा इनबॉक्समध्ये प्रश्न आला. पोरगा इंजिनीअर झाला, नोकरी शोधत नाही, मित्रासोबत व्हिडिओ गेम बनवायचा म्हणतो. दीड वर्ष लागेल म्हणतो. धानाच्या शेतीतला एक तुकडा काढावा का? उत्तर लांबलं, म्हणून इथेच टाकतो. असा पोरगा आणखी चार घरांत असेलच.

आधी आपल्या घरचा धंदा बघू. कमी पैशात करमणूक उभी करायची विद्या झाडीपट्टीला कोणी शिकवायला नको. लाखांदूर ओलांडून वडशाला गेलं की नाटक कंपन्यांच्या पाट्याच पाट्या. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की गावचं मंडळ कंपनीशी बोलणी करतं, रक्कम ठरवतं, तिकिटं विकतं. गर्दी झाली तर उरलेले पैसे मंडळाचे. पाऊस आला किंवा शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक लागलं, तर फटकाही मंडळालाच. कलाकाराची रात्र ठरलेली. (पैसे थकतात ते वेगळं, पण रीत ही.) तोटा कोणी सोसायचा हे पडदा उघडायच्या आधीच ठरलेलं असतं. ही रंगभूमी इतकी वर्षं उभी आहे त्यात या वाटणीचा मोठा हात आहे, असं माझं मत.

आता गेमकडे या. नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला डबा जोडून मारिओ आणि काँट्रा खेळलो. त्या कॅसेटी बहुतेक नकली होत्या, बनवणाऱ्याला त्यातून दमडी गेली नाही. १९९९ मध्ये विशाल गोंदल यांनी मुंबईत इंडियागेम्स सुरू केली. पुढे साध्या मोबाईलवर क्रिकेटचे, सिनेमांचे गेम आले. पैसे कापले जायचे मोबाईलच्या बॅलन्समधून, आणि त्यातला मोठा वाटा मोबाईल कंपनी स्वतःकडेच ठेवायची. तिकीट खिडकीवर बसलेलाच मालक!

२००८ मध्ये ॲपलने ॲप स्टोअर उघडलं आणि वाटणी उलटली: ३० टक्के दुकानाचे, ७० बनवणाऱ्याचे. गूगलही त्याच वाटेने गेलं. २०२१ पासून छोट्यांसाठी कट १५ टक्क्यांवर आला. कॉम्प्युटरच्या गेमचं मोठं दुकान स्टीम. तिथे २०१७ पासून १०० डॉलर भरले की कोणीही गेम लावू शकतो. ऐकायला छान. पण फाटक सगळ्यांसाठी उघडलं म्हणजे सगळेच आत आले. २०२४ मध्ये एकट्या स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम लागले. म्हणजे दिवसाला पन्नास! एका गावात एका रात्री पन्नास नाटकं लावून बघा.

मग महाराष्ट्रात कोणाला पैसे मिळालेच नाहीत का? मिळाले. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने, विकास जयस्वाल यांच्या, २०१६ मध्ये लुडो किंग आणला. गेम फुकट, कमाई मुख्यतः जाहिरातींवर. लॉकडाऊनमध्ये घराघरात तोच चालू होता. पण कंपनी २०१० ची आहे, म्हणजे लुडोआधी सहा वर्षं गेली. दुसरं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे मागितले. तिथला नियम असा की ठरलेली रक्कम पूर्ण झाली तरच पैसे मिळतात. ती झाली नाही. नंतर प्रकाशक मिळाला, २०२० मध्ये गेम बाहेर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. म्हणजे काय, मंडळ सापडलं.

काकांना मी एवढं लिहिलं तर त्यांचं उत्तर आलं, "मंग पोराचा मंडळ कोन?"

बरोबर नस पकडली. सध्या पोराचं मंडळ तुम्हीच आहात काका, आणि तुमचा तुकडा. आता हिशोब करू. दोन पोरं, महिन्याला प्रत्येकी २० हजार खर्च, दीड वर्ष: ७ लाख २० हजार. गेमची किंमत २०० रुपये धरा. १८ टक्के जीएसटी त्यातच. तो काढला, दुकानाचे ३० टक्के काढले, की हाती ११८ च्या आसपास. सहा हजारांच्या वर प्रती खपल्या तर पोरांचं जेवण निघालं, नफा नाही. शिवाय स्टीमवर दोन तासांच्या आत खेळून १४ दिवसांत गेम परत करता येतो. लोक 'लो बजेट' म्हणतात ते यामुळेच फसवं आहे. कॉम्प्युटर घरचाच असतो, खर्च होतात ते महिने.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचा आराखडा. त्यातून मुंबई-पुण्यात स्टुडिओ उभे राहतील, राहू देत. पण साकोली, पवनी, तुमसरच्या दोन पोरांचा पहिला गेम पडला तर तो भार कोण वाटून घेणार? आपल्या आमदार-खासदारांना विचारायचा प्रश्न हा आहे.

काकांना सांगितलं, तुकडा ठेवा. पोराला म्हणा, दीड वर्षाचा गेम बाजूला ठेव, तीन महिन्यांत होईल असा छोटा बनव आणि विकायला लाव. सोबत दुसऱ्यांच्या गेमचं काम घे, महिन्याचा पगार तिथून काढ. शंभर अनोळखी लोकांनी पैसे देऊन तो घेतला की मला फोन करा, मग पुढचं बोलू.