थेरेसियनश्टाटची रंगरंगोटी

१९७५ साली फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लान्झमानने रोममध्ये सत्तरीतल्या एका गृहस्थांची आठवडाभर मुलाखत घेतली. नाव बेंजामिन मुर्मेलस्टाइन. मूळचे व्हिएन्नातले धर्मगुरू आणि थेरेसियनश्टाटच्या नाझी छळवस्तीचे शेवटचे ज्यू वस्तीप्रमुख. त्यांच्या आधीच्या दोघा प्रमुखांना, याकोब एडेलस्टाइन आणि पॉल एप्स्टाइन यांना, १९४४ साली गोळ्या घालण्यात आल्या होत्या. नऊ तासांहून लांब असलेल्या ‘शोआ’ (१९८५) या चित्रपटातही ही मुलाखत आली नाही. २०१३ साली तिच्यातून ‘द लास्ट ऑफ द अनजस्ट’ हा स्वतंत्र चित्रपट झाला.

मुर्मेलस्टाइन यांच्यावरचा आरोप साधा होता: नाझींना मदत केली. अशा प्रसंगी काय करावे, याबद्दल ज्यू धर्मशास्त्रात जुना नियम आहे. शत्रू म्हणाला, ‘तुमच्यातला एक जण आमच्या हवाली करा, नाहीतर सगळ्यांना मारू’, तर सगळ्यांनी मरावे, पण एकालाही देऊ नये. बाराव्या शतकात मैमोनिडीसने हा नियम आपल्या धर्मसंहितेत नोंदवला. शत्रूने नाव घेऊनच माणूस मागितला तर काय करायचे, यावर मात्र पंडितांचा वाद जुना आहे. मुर्मेलस्टाइन म्हणतात, हद्दपारीच्या याद्या करायला मी नकार दिला. म्हणजे स्वतःच्या हिशेबाने ते नियमाच्या आतच राहिले.

पण खरा पेच मला यादीत नाही, रंगरंगोटीत दिसतो. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे पाहुणे येणार म्हणून वस्ती सजवली गेली: बागा, दुकाने, रंगवलेल्या भिंती. मुर्मेलस्टाइन यांनी या कामात मनापासून भाग घेतला. त्यांचा युक्तिवाद असा, की जगाला दाखवलेली वस्ती नाझींना गुपचूप नाहीशी करता येणार नाही. युक्तिवाद वेडगळ नव्हे. गोष्ट सांगत राहून जीव वाचवणाऱ्या शहरजादीची उपमा ते स्वतःलाच देतात.

मात्र वस्तीत गर्दी दिसू नये म्हणून त्याच मे महिन्यात सुमारे ७,५०० माणसे आउशविट्झला पाठवली गेली. रंगाच्या डब्यामागेही यादी होतीच! पुढे तिथेच प्रचारपट काढला, तो ‘द ब्लू एंजल’मधला ज्यू नट कुर्ट गेरॉन याला दिग्दर्शक करून. चित्रीकरण संपल्यावर, २८ सप्टेंबरपासून महिनाभरात, १८,००० हून अधिक लोक आउशविट्झला गेले. गेरॉनही त्यांत होता. तो तिथेच मारला गेला. मैमोनिडीसच्या नियमात ‘हवाली करणे’ म्हणजे काय ते स्पष्ट आहे. भिंत रंगवणे त्यात बसते का? मला वाटते, मुर्मेलस्टाइन यांनाही हा प्रश्न छळत असावा. एरवी माणूस सत्तरीत इतका हजरजबाबी राहत नाही.

चित्रपटाच्या शेवटी लान्झमान त्यांच्या खांद्यावर हात ठेवून रोमच्या प्राचीन अवशेषांतून चालतात. हा हात मला खटकला. समजून घेणे निराळे आणि निकाल देणे निराळे.

युद्धानंतर चेक तुरुंगातून ते सुमारे दीड वर्षाने निर्दोष बाहेर आले आणि रोमला स्थायिक झाले. १९८९ साली वारले, तेव्हा तिथल्या ज्यू समाजाने त्यांना पत्नीशेजारी जागा नाकारली. दफनभूमीच्या एका कडेला त्यांना पुरण्यात आले.