यात व्हिलन कोण हाये?



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या रविवारच्या अभ्यासवर्गात पोरांनी एक छोटा सिनेमा करायचं ठरवलं. सिनेमा म्हणजे मोबाईलवर शूटिंग करायचं आणि अशोक विजयादशमीच्या संध्याकाळी विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर लावून सगळ्यांना दाखवायचं. गोष्ट त्यांनीच निवडली. वर्गातल्या कपाटात ‘भीमायन’ हे चित्रांचं पुस्तक आहे, त्यातली मसूर स्टेशनची गोष्ट. छोटा भीम व्हायला सगळेच तयार. स्टेशन मास्तर व्हायला कोणीच तयार नाही. शेवटी ज्याच्या गळ्यात ती भूमिका पडली, त्याला पोरांनी काजळाच्या मिशा काढल्या आणि तोंडात कागदाचे सुळे बसवले. तेवढ्यात स्पायडरमॅनचा टी-शर्ट घातलेला एक बारा वर्षांचा पोरगा पुस्तक हातात धरून म्हणाला, “ताई, पण यात व्हिलन कोण हाये? हा मास्तर तं काहीच नाही करत. नुसता खोलीत निघून जाते.”

मी तेव्हा “शूटिंग करा आधी” म्हणून विषय टाळला. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. चित्रकथा आणि त्यावरचे सिनेमे यांचा इतिहास आपल्या बाजूने वाचला, तर तो याच प्रश्नाभोवती फिरतो असं मला वाटतं. नायक कोण, यावर आपण खूप बोललो. खलनायक कोणी रंगवला, कसा रंगवला आणि त्यातून काय झाकलं गेलं, यावर कमी बोललो.

कॉमिक्सचे चाहते जगात कुठेही असोत, त्यांची तक्रार एकच असते: पुस्तकात होतं तसं पडद्यावर नाही. चेहरा तसा नाही, कपडे तसे नाहीत, शेवट बदलला. मराठीतही हे झालं आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येत होता. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्यावर सिनेमा काढला. रोज सकाळी चहासोबत ज्याला कागदावर पाहिलं, तो जिवंत मुलगा होऊन समोर आल्यावर वाचक त्याला कागदाशी ताडून बघणारच. हा चाहत्यांचा हक्कच आहे. पण ज्या समाजाला त्या कागदावर जागाच नव्हती, किंवा होती ती फक्त राक्षसाची, त्याने कशाशी ताडून बघायचं?

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली. तिच्यातला लाडका नायक फँटम. आफ्रिकेच्या जंगलात राहणारा एक गोरा माणूस, आणि त्याला देवासारखा मानणारे काळे आदिवासी. आपल्याकडच्या कित्येक पोरांनी हे वाचताना स्वतःला त्या गोऱ्याच्या जागी ठेवलं. इंद्रजालच्या उभारणीत असलेले अनंत पै यांनी पुढे १९६७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. ते सांगत असत की दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजुषेत मुलांना ग्रीक देवांची माहिती होती, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. त्यातून ही कल्पना सुचली. म्हणजे भारतीय मुलाला स्वतःची ओळख द्यायची, पण ती ओळख कुठून सुरू होणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं.

राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा चित्रकारांच्या हातात कौशल्य होतं, यात वाद नाही. वाद आहे तो त्या चित्रांच्या व्याकरणाशी. देव आणि राजे उजळ, रेखीव, शांत. असुर आणि राक्षस बहुधा काळेकभिन्न, अवाढव्य, सुळेवाले. पोराने अक्षर वाचण्याआधीच त्याला कळतं की मारला जाणारा कोण. आमच्या वर्गातल्या पोरांना कागदाचे सुळे कुठून सुचले, हे आता वेगळं सांगायला नको. ते सुळे त्यांच्या हाताला सवयीने लागले.

खरं तर या व्याकरणाला महाराष्ट्रात एक शतक आधीच उत्तर मिळालं होतं. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि दशावतारांची गोष्ट उलटी वाचली. ज्यांना राक्षस म्हटलं गेलं ते या भूमीचे रक्षक होते, असा त्यांचा दावा होता. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून ते पुस्तक पुढे सरकतं. २०११ मध्ये श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ या नावाने त्याची चित्रकथा केली. मूळ मजकूर सवाल-जवाबाचा असल्यामुळे तो चित्रकथेत सहज उतरला.

‘अमर चित्र कथा’मध्ये बाबासाहेबांचा अंक आला १९७९ मध्ये, मालिका सुरू झाल्यावर बारा वर्षांनी. लेखन एस. एस. रेगे यांचं, चित्रं दिलीप कदम यांची. साल नीट बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. बाबासाहेब राष्ट्राच्या चित्रमालिकेत चालत होते, विद्यापीठाच्या कमानीवर चालत नव्हते. त्या मालिकेत ते एका महान व्यक्तीचं चरित्र म्हणून आले, इतर शेकडो महान व्यक्तींच्या रांगेत. धैर्याने लढलेला एक माणूस. लढला कोणाशी, हा प्रश्न अशा चरित्रमालेत मागे राहतो, कारण त्याच रांगेत ज्या धर्मग्रंथांशी तो लढला त्यांचेही अंक आहेत.

मग आला पडदा. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. ज्या पिढीने चित्रकथा वाचल्या होत्या, तिला पडद्यावरचे मुकुट, धनुष्य, राक्षसांचे चेहरे ओळखीचेच वाटले. त्याच १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. त्यात राम आणि कृष्ण यांच्यावरचं परिशिष्ट आहे आणि शंबूकाच्या हत्येचा प्रश्न आहे. त्यावरून शिवसेनेने रान उठवलं, खंड मागे घेण्याची मागणी झाली. त्याला उत्तर म्हणून ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, पण शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडून. रविवारच्या मालिकेखाली मात्र अशी कोणतीही टीप कधी आली नाही.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. मालिका संपत आली तेव्हा जालंधरसह उत्तरेतल्या काही शहरांत वाल्मिकी समाजाचे सफाई कामगार संपावर गेले. त्यांची मागणी होती की वाल्मिकींनी सांगितलेली पुढची कथाही दाखवा. सरकार नमलं आणि ‘उत्तर रामायण’ आलं. वैचारिकदृष्ट्या माझं त्यांच्याशी पटत नाही. ज्या ग्रंथाने आपल्याला बाहेर ठेवलं त्यातच आणखी थोडी जागा मागणं हा आपला मार्ग नव्हे, असं मी मानते. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला त्या संपाकडे दुर्लक्ष करता येत नाही. पडद्यावरची कथा कोणासाठी कापली जाते हे त्यांनी ओळखलं आणि झाडू खाली ठेवून ती बदलायला लावली. चाहत्यांच्या ताकदीचं याहून मोठं उदाहरण मला आपल्या देशात दिसत नाही.

आता अमेरिकेकडे बघू, कारण आमच्या पोरांचे नायक तिथून येतात. ब्लॅक पँथर हे पात्र जुलै १९६६ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी या दोन गोऱ्या माणसांनी कागदावर आणलं. ज्या ब्लॅक पँथर पक्षावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं, तो पक्ष त्यानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झाला. २०१८ मध्ये रायन कूगलर या काळ्या दिग्दर्शकाने सिनेमा केला तेव्हा त्याने कॉमिकमध्ये बदल केले. मूळ कॉमिकमध्ये एमबाकू हे पात्र ‘मॅन-एप’ या नावाने, गोरिलाचं कातडं पांघरून येतं. काळ्या माणसाला माकड म्हणून चितारण्याचा जुना वंशद्वेष त्यात उघड आहे. सिनेमाने ते नाव टाकून दिलं आणि एमबाकूला आपल्या टोळीचा स्वाभिमानी प्रमुख केलं. ‘पुस्तकात होतं तसंच हवं’ हा नियम इथे पाळला असता तर अन्यायच पुन्हा छापला गेला असता. म्हणजे बदल केला की नाही, यापेक्षा कोणाच्या भल्यासाठी केला, हे विचारायला हवं.

या कसोटीवर ‘भीमायन’ बघा. २०११ मध्ये नवयानने ते काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची, मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, आधार बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींचा. नागपूर वसवलं ते बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, हे आपण अभिमानाने सांगतो. म्हणून गोंड हातांनी काढलेले बाबासाहेब आपल्याला परके वाटायचं कारण नाही. व्याम दांपत्याने माणसांना चौकोनी चौकटीत कोंबायला नकार दिला. घराच्या भिंतीवर काढतात त्या दिग्न्याच्या वळणदार रेघांनी त्यांनी पानं विभागली. आगगाडी साप झाली. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बोलण्याचे फुगे. प्रेमळ शब्दांना पक्ष्याचा आकार, विषारी शब्दांना विंचवाची नांगी.

इथे थांबून विचार करा. नांगी शब्दाला आहे, माणसाला नाही. माणसाला त्यांनी सुळे लावले नाहीत.

आणि मूळ घटनाही तशीच आहे. १९०१ साल. वडील गोरेगावला खजिनदार. भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर नवे कपडे. पोरं चांगल्या घरची दिसतात म्हणून स्टेशन मास्तर आपुलकीने चौकशी करतो. महार म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. काही वेळाने परत येतो. गाडीवाल्यांशी पोरांच्या वतीने बोलतो. विटाळाच्या भीतीने कोणी तयार होत नाही, तेव्हा तुम्हीच गाडी हाका, गाडीवाला बाजूने चालेल, हा तोडगाही त्यालाच सुचतो. दुप्पट भाडं देऊन पोरं निघतात. सोबत जेवण असतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळत नाही. नाक्यावरचा माणूसही देत नाही. कोणी मारलं नाही. कोणी डरकाळी फोडली नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर उपाशी-तहानेलं झोपलं.

सुपरहिरोच्या सिनेमात हे बसत नाही. तिथे एक खलनायक लागतो, शेवटी तो हरतो आणि शहर वाचतं. मसूरच्या मास्तराला हरवून काय होणार? दुसरा मास्तर येईल. गाडीवाला, नाकेवाला, पाणी असलेली घरं, सगळे तिथेच आहेत.

कोणी म्हणेल, “मग अत्याचार करणाऱ्याला सभ्य दाखवायचं का? खैरलांजी विसरलात?” विसरले नाही. आमच्या नागपूरपासून खैरलांजी काही लांब नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारणारे कुठल्या जंगलातून आलेले राक्षस नव्हते, त्याच गावचे शेजारी होते. आणि पुढे काय झालं? २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हत्या मान्य केली, शिक्षाही दिली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू करायला नकार दिला. सूडाचा गुन्हा ठरला, जात बाहेर राहिली. काही दुष्ट माणसं, त्यांचा वैयक्तिक राग, बस्स. सुळेवाल्या खलनायकाची गोष्ट नेमकी हेच करते. गुन्हेगार इतका भयानक रंगवते की बाकी सगळे सुटतात. ही कथा लहानपणापासून ज्यांच्या अंगवळणी पडली, त्यांना मोठेपणी व्यवस्था दिसेनाशी होते. मग ते प्रेक्षकांत बसलेले असोत किंवा खुर्चीवर.

उद्या ‘भीमायन’ किंवा दुसरी एखादी आंबेडकरी चित्रकथा पडद्यावर येईल. तेव्हा आपल्यातले बरेच जण कोटाचा निळा रंग, चष्म्याची काडी, चेहऱ्याचं साम्य तपासतील. जरूर तपासा. पण त्याआधी स्टेशन मास्तराकडे बघा. तो क्रूर हसत असेल, पार्श्वसंगीत धडधडत असेल, तर समजा की गोष्ट हातातून गेली. तो सभ्य असेल आणि तरीही आपल्या पोटात गोळा आला, तर ती बाबासाहेबांनी लिहिलेली गोष्ट आहे.

आमच्या पोरांचं शूटिंग पुढच्या रविवारी झालं. कागदाचे सुळे काढले. स्पायडरमॅनवालाच मास्तर झाला. काळ्या पुठ्ठ्याचा विंचू कापून, मास्तर बोलतो तेव्हा टॉर्चच्या उजेडात त्याची सावली भिंतीवर पाडायची, ही युक्ती एका मुलीची. विजयादशमीला चादरीवर मास्तर खोलीत निघून गेला आणि रिकामा फलाट दिसत राहिला, तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने शेजारणीला हळूच विचारलं, “पाणी भेटलं का मंग पोराईले?”

व्हिलन कोण, हे तिने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

जयभीम, नमो बुद्धाय!