ओकच्या पिंपातील शार्डोने : चव कशी पाहतात, गुण कसे देतात?

शार्डोने ही मूळची फ्रान्समधील बर्गंडी भागातील द्राक्षाची जात. तिची पांढरी वाइन ओकच्या लाकडी पिंपात आंबवली किंवा मुरवली, तर तिला ‘ओक्ड शार्डोने’ म्हणतात. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात आणि मराठवाड्याशेजारी सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात शार्डोने पिकवली जाते.

पिंपातून काय येते?

ओकमधील व्हॅनिलिनमुळे व्हॅनिलाचा, तर लॅक्टोनमुळे खोबऱ्यासारखा वास येतो. पिंप आतून भाजलेले असल्याने धुराची किंवा भाजक्या पावाची झाक उतरते. लोण्याचा वास मात्र लाकडाचा नसतो. जिवाणू मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात, तेव्हा तयार होणाऱ्या डायअसिटिलमुळे तो येतो.

चव घेण्याची रीत

१. बाटली १० ते १३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावी. फार गार वाइनचा वास दबतो.
२. ग्लासात साधारण ५० मिलिलिटर वाइन घेऊन पांढऱ्या कागदावर रंग पाहावा.
३. आधी न हलवता, मग ग्लास गोल फिरवून वास घ्यावा.
४. घोट तोंडात सगळीकडे फिरवावा. आंबटपणा, जडपणा आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते, हे पाहावे.

मुख्य कसोटी एकच : लाकूड फळाला साथ देते की झाकून टाकते? फक्त व्हॅनिला आणि धूर जाणवला, फळ हरवले, तर गुण कमी होतात. उष्ण भागातील द्राक्षात साखर लवकर वाढते आणि आंबटपणा घटतो. अशा वाइनवर ओक जास्त झाला तर ती जड लागते.

गुण कसे देतात?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने १९५९ मध्ये २० गुणांची पद्धत मांडली. तिच्यात १७ ते २० गुण म्हणजे उत्कृष्ट. रॉबर्ट पार्कर यांनी रूढ केलेली १०० गुणांची पद्धत ५० पासून सुरू होते. नाव झाकून चव घेणे का महत्त्वाचे, हे २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये दिसले. तेथे फ्रेंच परीक्षकांनी बर्गंडीच्या वाइनपेक्षा कॅलिफोर्नियाच्या ‘शातो माँटेलेना’च्या १९७३ च्या शार्डोनेला जास्त गुण दिले.

ओकचा रंग की उष्णतेचा दोष?

लातूर-नांदेडकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. दुकानात किंवा गाडीत तापलेली वाइन गडद होते. ओकमुळेही सोनेरी छटा येते, त्यामुळे नुसत्या रंगावरून फसगत होते. कापून ठेवलेल्या, काळवंडलेल्या सफरचंदासारखा वास, बेचव घोट किंवा वर सरकलेले बूच ही बिघाडाची चिन्हे आहेत. अशा बाटलीवरून त्या वाइनला गुण देऊ नयेत. शक्य असल्यास दुसरी बाटली उघडावी.