पॅरिसची कुलस्त्री

फ्रेंच नावे आपल्या जिभेला मोठी अवघड. 'जनव्हिएव्ह' हे त्यांतलेच एक. पण उच्चाराचा काटा बाजूला सारला, तर हे मुलीचे नाव आपल्याला अगदीच परके वाटणार नाही. त्याचे जुने लॅटिन रूप 'गेनोव्हेफा'. अर्थाविषयी पंडितांत एकमत नाही. काही जण ते केल्टिक मानतात. मला मात्र जर्मानिक व्युत्पत्ती पटते. 'कुनी' म्हणजे कुळ आणि 'वीफ' म्हणजे स्त्री. कुलस्त्रीच की! शिवाय या 'कुनी'चे आणि संस्कृत 'जन' शब्दाचे मूळ एकच.

ज्या बाईने हे नाव गाजवले, तिने संसार मात्र केला नाही. इ. स. ४२० च्या सुमारास पॅरिसजवळच्या नांतेर गावी ती जन्मली आणि लहान वयातच व्रतस्थ झाली. ४५१ साली अ‍ॅटिला हूणांची फौज घेऊन चालून आला. पॅरिसकर गाठोडी बांधू लागले. 'शहर सोडू नका' असे तिने बजावले आणि बायकांना घेऊन ती प्रार्थनेला बसली. लोक असे खवळले, की तिला दगडांनी ठेचण्याची भाषा सुरू झाली. अ‍ॅटिला पॅरिसला न येता ऑर्लेआंकडे वळला! हे प्रार्थनेने झाले की लष्करी हिशेबाने, ते ज्याचे त्याने ठरवावे. पुढे फ्रँकांनी शहराची कोंडी केली, तेव्हा तिने सेन नदीतून होड्या नेऊन धान्य आणले. मला विचाराल, तर पहिल्या चमत्कारापेक्षा हे काम मोठे.

ती पॅरिसची रक्षक संत ठरली. १७४४ साली पंधरावा लुई आजारातून उठला आणि नवसाप्रमाणे त्याने तिचे भव्य मंदिर बांधायला घेतले. ते पुरे होते न होते, तोच राज्यक्रांती झाली. १७९१ साली संतिणीचे नाव काढून इमारतीला 'पाँथेऑं' केले; थोर पुरुषांचे समाधिस्थान! १७९३ मध्ये तिच्या अस्थी जाळून राख सेनमध्ये टाकली. जिच्यातून तिने धान्य आणले, तीच ही नदी.

नाव मात्र जळले नाही. १८०३ च्या कायद्याने मुलांची नावे पंचांगातली किंवा प्राचीन इतिहासातलीच ठेवायची, असे ठरले. पंचांगात ३ जानेवारी हा जनव्हिएव्हचा दिवस होताच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव फ्रान्समध्ये घरोघर होते. मग ओसरले, आणि आता ते आजीचे नाव वाटते. माझ्या हजेरीपटात तरी आज एखादी कुसुम किंवा शकुंतला कुठे सापडते?

त्याच पूर्वार्धात, १९२० साली, जनरल द गॉल यांच्या पुतणीचे नाव जनव्हिएव्ह ठेवले गेले. नाझींविरुद्ध भूमिगत लढ्यात ती पकडली गेली. १९४४ मध्ये तिला रावेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले. तिथून ती जगून परतली आणि पुढे आयुष्यभर बेघरांसाठी झटली. २००२ साली ती वारली. २७ मे २०१५ रोजी पाँथेऑंमध्ये तिची शवपेटिका नेली. देह हलवू नये, अशी घरच्यांची इच्छा होती. म्हणून पेटीत होती तिच्या थडग्याची माती. आणि पेटीवर नाव होते जनव्हिएव्ह.