अंबरनाथचे शिवालय : एक रात्र आणि शके ९८२

अंबरनाथच्या शिवालयाची आख्यायिका सर्वपरिचित आहे. अज्ञातवासातील पांडवांनी एका रात्रीत हे मंदिर उभारायला घेतले. शिखर पुरे होण्याआधीच उजाडले आणि काम अर्धवट राहिले.

शिलालेख निराळी हकीकत सांगतो. उत्तरेकडील दाराच्या वर, आतल्या बाजूस कोरलेल्या या लेखात शिलाहार राजा मुम्मुणी ऊर्फ माम्वाणी याचे नाव व शक आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ९८२ हे वाचन निश्चित केले. एका अंकामुळे मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे, इ. स. १०६० मध्ये आले!

लेखात छित्तराजाचेही नाव येते. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे सख्खे भाऊ, एकामागून एक उत्तर कोकणच्या गादीवर आलेले. छित्तराजाचा भांडुप ताम्रपट शके ९४८ चा, म्हणजे इ. स. १०२६ चा आहे. थोरल्याने आरंभिलेले काम धाकट्याने तडीस नेले, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. तो मान्य केल्यास आख्यायिकेतील एका रात्रीच्या जागी तीन राजवटी येतात.

या मंदिराला सर्रास 'हेमाडपंती' म्हटले जाते, ते मात्र शिलाहारांवर अन्याय करणारे आहे. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, यादव राजा महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री. महादेवानेच शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याचा पराभव करून उत्तर कोकणातील हे घराणे संपवले. म्हणजे शिलाहारांच्या सर्वांत देखण्या वास्तूवर त्यांना बुडवणाऱ्याच्या मंत्र्याचे नाव चिकटले. शैलीच्या दृष्टीने हे मंदिर भूमिज आहे: शिखरावर उभ्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून चढत जाणाऱ्या लहान शिखरांच्या ओळी. माळव्यात उदयपूरचे उदयेश्वर मंदिर परमारांनी याच शैलीत, जवळपास याच काळात उभारले.

तरीही आख्यायिका सर्वस्वी निराधार नाही. मंडपातून पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात गेले की वर छत नसते. शिखर मंडपाच्या उंचीच्या थोडे वर जाऊन एकाएकी थांबते. ते बहुधा कधी पूर्ण झालेच नाही. पांडव आणि ती रात्र कल्पित असली, तरी राहून गेलेले शिखर लोकांनी नेमके हेरले होते. पिंडीवर आजही थेट आकाशातला उजेड पडतो.